बुलबुला बाबूंची सातवी बाटली

माझे मामा पुंडलिकराव सबनीस यांच्या नावाचं पत्र आलं की नवा पोस्टमन आमच्या हिंदीभाषक शहरातल्या दीक्षितपुऱ्याच्या तीन गल्ल्या हिंडून यायचा. सबनीस कोण, कुणालाच ठाऊक नसे. शेवटी कोपऱ्यावरचा पानवाला पाकीट हातात घेऊन पत्ता न्याहाळायचा आणि कपाळावर हात मारायचा. "अरे, ये तो अपने बुलबुला बाबू! ऐसा बोलो ना."

हे नाव मामांना छत्तीस सालच्या डिसेंबरात मिळालं. देणाऱ्याचं नाव लेंझ साहेब. ते त्याच्या घशात परत घालायला मामांनी दहा वर्षं खर्ची घातली, आणि त्यातलं एकही वर्ष वाया गेलं असं ते अजून मानत नाहीत.

रेल्वे लाईनच्या पलीकडे भय्यासाहेबांचा काचेचा कारखाना होता. भय्यासाहेबांचे पूर्वज भोसल्यांच्या घोडदळाबरोबर इकडे आले. पुढे घोडे गेले, जमिनी राहिल्या. जमिनींचा कंटाळा आला तेव्हा भय्यासाहेबांनी काच काढली. कंदिलाच्या चिमण्या, औषधाच्या बाटल्या, शाईच्या दौती. काच वितळवायला माणूस लागतो, म्हणून तीस साली त्यांनी थेट बोहेमियातून लेंझ साहेब मागवला. त्या मुलखात म्हणे पोरं शिट्टी वाजवायच्या आधी काच फुंकायला शिकतात.

करारात एक कलम होतं: साहेबाने तीन वर्षांत एका हिंदी, म्हणजे इथल्या, माणसाला सगळं काम शिकवून तयार करावं. तो हिंदी माणूस म्हणजे आमचे मामा. मॅट्रिक पास, अक्षर मोत्यासारखं, आणि भट्टीपुढे घाम आला तरी तक्रार नाही.

वाळू, सोडा, चुना किती घ्यायचा ते मामा पहिल्याच महिन्यात शिकले. त्याच्या पुढचं साहेब शिकवेना. काच निवळायला लागणारा सोमल आणि सोरा तो स्वतः कुलुपाच्या खोलीत मोजायचा. आणि मातीच्या मोठ्या कुंडात काच वितळून तयार होत आली की सगळ्यांना भट्टीशेडच्या बाहेर काढून दार आतून लावून घ्यायचा. अर्ध्या तासाने दार उघडायचं. आत साहेब घामाघूम, हातात टोकाला काळी पडलेली लांब लोखंडी सळई, आणि शेडभर काहीतरी करपल्याचा वास.

त्या वासाचं कोडं कारागिरांनी केव्हाच सोडवून ठेवलं होतं. मालाच्या मागणीच्या चिठ्ठीत दर आठवड्याला सोडा, सोमल, सोरा यांच्याखाली "बटाटे पाच शेर" असायचं. चिठ्ठी मामाच लिहायचे. तर साहेब सळईला बटाटा टोचून भट्टीत भाजतो आणि कुणाला द्यावा लागू नये म्हणून दार लावून एकटा खातो, यावर शंभर माणसांचं एकमत होतं. मामांचंही. गोरा माणूस, बटाटे खाणारच. आमच्याकडच्यांना साहेबाच्या खाण्याकडे पाहायचीही शिसारी. दाराच्या फटीला डोळा लावावा असं नऊ वर्षांत कुणालाही वाटलं नाही.

तीन वर्षांची नऊ झाली, कारण एक पत्र. परदेशी माणूस कामावर ठेवायचा तर भय्यासाहेबांना दर सप्टेंबरात सरकारी कचेरीला लिहून द्यावं लागे की ह्या कामाची माहिती असलेला एकही हिंदी माणूस सदर कारखान्यात नाही. भय्यासाहेब साहेबाला विचारायचे, "सबनीस तयार झाला का?" साहेब मान हलवायचा. "अभी नहीं." मग ते पत्र इंग्रजीत, सुंदर अक्षरात, कोण लिहिणार? मामाच. मला काही येत नाही, हे ते दरसाल स्वतःच्या हाताने लिहीत आणि टीपकागदाने टिपून सहीला ठेवीत. भय्यासाहेब न वाचता सही ठोकीत. नेहमीचंच पत्र, त्यात वाचायचं काय?

छत्तीसच्या डिसेंबरात रेल्वेचे कुणी बडे अधिकारी बायकामुलांसह कारखाना पाहायला आले. त्याच्या आदल्या दिवशी साहेबाने मामांना मोठ्या प्रेमाने म्हटलं, पाहुण्यांसाठी एक कुंड तू लाव. मामांनी लावलं. सोमलाचं, सोऱ्याचं वजन अंदाजाने धरलं. बाटली निघाली, पण काचेत मोहरीएवढे बुडबुडे, वरपासून खालपर्यंत. साहेबाने ती पाहुण्यांसमोर उन्हात धरली.

"देखो. ये बोतल नहीं. ये सबनिस का सिर है. अंदर सब बुलबुला!"

पाहुणे हसले, भय्यासाहेब हसले, कारागीर तर जमिनीवर बसून हसले. संध्याकाळी मामा घरी पोचण्याआधी नाव दीक्षितपुऱ्यात पोचलं होतं.

मी सदतीस साली मझौली गावची शाळा संपवून मामांकडे राहायला आलो तेव्हा मला मामांचा हा एकच उद्योग दिसला. रोज कामावरून निघताना ते कुलुपाच्या खोलीबाहेर ठेवलेली सोमलाची आणि सोऱ्याची पिंपं हलवून पाहत, सकाळी पिंप आत जाण्यापूर्वी किती भरलं होतं आणि आता बाहेर आल्यावर किती उरलं ते तागडीवर ताडून पाहत, आणि घरी येऊन भानुमतीमामीच्या पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर आकडे टिपत.

"देवाच्या पोथीत सोमल काहून लिहून राहिले तुम्ही?" मामी विचारायची.

"त्याच्यासाठीच आहे," मामा म्हणायचे. "एक ना एक दिवस त्याला पाजीन."

सोमल म्हणजे जहाल विष. मामी घाबरून पोथी लपवायची. मामांचा अर्थ एवढाच होता की एक दिवस ते साहेबाइतकीच स्वच्छ काच काढतील आणि त्याच्या नाकासमोर धरतील. त्यांच्या डोक्यात दुसरं काही मावतच नव्हतं.

तो दिवस सरकारने आणून दिला. एकोणचाळीसच्या सप्टेंबरात, रविवारी लढाई जाहीर झाली आणि सोमवारी सकाळी पोलीस इन्स्पेक्टर टांग्यातून कारखान्यावर हजर. हातात तार.

"जर्मन पासपोर्टवाले सगळे चोवीस तासांत ताब्यात घ्यायचे आहेत."

"मैं जर्मन नहीं!" लेंझ साहेब ओरडला. खरं म्हणजे त्याचं चुकत नव्हतं. तो जन्मला तेव्हा त्याचं गाव ऑस्ट्रियात होतं, मोठा झाला तेव्हा चेकोस्लोव्हाकियात, आणि आदल्या वर्षी हिटलरने तो मुलूख गिळला तेव्हा जर्मनीत. गाव जागचं हललं नव्हतं. साहेबाने नियमाप्रमाणे जुना पासपोर्ट देऊन नवा घेतला, तो जर्मनीचा. नियम पाळला म्हणून अडकला. पाळला नसता तर त्याआधीच अडकला असता.

भय्यासाहेब इन्स्पेक्टरच्या मागे मागे. "अहो, पण मागच्या महिन्यापर्यंत तर नुसती नोंद केली की पुरे होतं!"

"मागच्या महिन्यात लढाई नव्हती. हां, एक वाट आहे. ह्या माणसावाचून कारखाना बंद पडत असेल, दुसरा कुणी जाणकार नसेल, तर तसं आत्ता लिहून द्या. मी वर पाठवतो. तोवर इथेच नजरेखाली ठेवू."

भय्यासाहेबांचा जीव भांड्यात पडला. "पुंडलिक! लिही रे. नेहमीचंच."

पुढचं मला मामांनी चाळीसेक वेळा सांगितलं आहे, आणि दर वेळी सांगताना निब दौतीत बुडवल्यासारखा हात करतात. ते आपल्या टेबलापाशी गेले. कागद सरळ केला. वरचा मजकूर नेहमीचाच लिहिला. मग लिहिलं: ह्या कामाची संपूर्ण माहिती असलेला एक हिंदी माणूस सदर कारखान्यात आहे. त्याचं नाव पुंडलिक सबनीस. टीपकागदाने टिपलं. भय्यासाहेबांनी टांग्याच्या पायरीवर कागद ठेवून सही ठोकली.

इन्स्पेक्टरने वाचलं. पुन्हा वाचलं. "हे सबनीस कोण?"

"हा काय, आमचाच बाबू!" भय्यासाहेब मामांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला," इन्स्पेक्टर म्हणाला, आणि साहेबाकडे वळला. "चलिए. आपका काम जाननेवाला आदमी इनके पास है. लिख के दिया है."

साहेबाला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर तो मामांकडे बघत राहिला. मामांची अपेक्षा होती तो रडेल, निदान शिव्या देईल. तो हसला. खिशातून कुलुपाच्या खोलीची किल्ली काढून त्याने मामांच्या हातावर ठेवली. "लो. अब तुम मास्टर. बुलबुला मास्टर!" टांगा वळेपर्यंत त्याचं हसणं ऐकू येत होतं. मामा म्हणतात, त्या हसण्यानेच त्यांची पहिल्या रात्रीची झोप गेली.

टांगा दिसेनासा झाल्यावर भय्यासाहेबांनी कागदाची नक्कल मागवून आयुष्यात पहिल्यांदा ते पत्र वाचलं.

"काहून केलंस रे हे?" त्यांनी मामांना विचारलं.

"नऊ वर्षं मीच लिहिलं जी, की मला येत नाही," मामा म्हणाले. "एकदा येतं असं लिहून पाहिलं."

"अन् येतं का?"

"येतं."

"ऐक मग. लष्करी इस्पितळाला औषधाच्या बाटल्या हव्यात. नमुना एकवीस दिवसांत द्यायचा आहे. काचेत एक बुडबुडा दिसला तरी नापास. नापास झालो तर मी भट्टी विझवीन. शंभर माणसं घरी जातील. अन् मी त्यांना सांगीन, जाताना दीक्षितपुऱ्यावरून जा, सबनिसांच्या दारावरून."

मामांनी मास्तरची गादी घेतली आणि पहिला हुकूम काढला. मागणीच्या चिठ्ठीतून "बटाटे पाच शेर" ही ओळ लाल शाईने खोडली. बाजूला शेरा मारला: साहेब गेले, बटाटे बंद. ती चिठ्ठी ते सगळ्यांना दाखवत फिरले. सोमल, सोरा पोथीतल्या आकड्यांप्रमाणे चोख मोजला. शेडचं दार उघडं टाकलं. लपवाछपवीचा जमाना संपला म्हणाले.

चौथ्या दिवशी पहिली बाटली निघाली. रंग पाण्यासारखा, साहेबाच्या काचेहून कणभर सरस. आणि त्या पाण्यात बुडबुडे.

सोमल थोडा वाढवला. आठव्या दिवशी दुसरं कुंड. बुडबुडे. आच वाढवली, दगडी कोळसा दीडपट ओतला. अकराव्या दिवशी तिसरं. बुडबुडे, आता बारीक, खसखशीसारखे. फुंकणाऱ्यांचा उस्ताद बाटली उन्हात धरून म्हणाला, "बाबूजी, नाम तो आपने सार्थक कर दिया."

त्या दिवसांत मामांचं तोंड पाहवत नव्हतं. दीक्षितपुऱ्यात शंभरातली वीस घरं त्या कारखान्यावर जेवत होती. त्यांच्या बायका नळावर मामीला जागा देईनात. मामा जेवताना भिंतीकडे बघून पुटपुटायचे, "हसला तो. त्याला माहीत होतं. हसला." लेंझ परदेशी कैद्यांच्या छावणीत बसून अजूनही हसतो आहे असं त्यांना दिसायचं.

बाराव्या दिवशी एकादशी होती. दुपारी मामा पाटावर बसले होते, मामी बटाट्याची भाजी वाढत होती, मी दारात. इदू मियाँ आले. हे लेंझ साहेबाचे खानसामे, नऊ वर्षं त्याच्याकडे. हातात गाठोडं.

"बाबूजी, साहब के मोज़े और पाइप है. छावनी का पता लिख दीजिए तो डाक से भेज दूँ. वहाँ ठंड पड़ेगी."

"ठंड पडू दे," मामा घास न थांबवता म्हणाले.

मामीला राहवेना. "बैठिए, मियाँजी. साहब का खाने का क्या होगा उधर? आलू-वालू तो मिलता होगा?"

इदू मियाँ चमकले. "आलू? दीदी, साहब आलू को हाथ नहीं लगाते थे. पेट में गैस हो जाती थी. नौ साल में मेरे चूल्हे पे आलू नहीं चढ़ा."

मामांचा हात ताटातच राहिला.

"फिर से बोलो," ते म्हणाले.

"क्या, आलू? नहीं खाते थे, बाबूजी. क़सम से."

मामा भाजीकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, हिशोब चालला होता तसे. दर आठवड्याला पाच शेर. खाणारा खात नाही. बटाटा सळईला लागतो, सळई भट्टीत जाते, बटाटा परत येत नाही. मग जातो कुठे?

ते उठले. एकादशीचं ताट अर्धं टाकून उठलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मामीच्या टोपलीतले उरलेले कच्चे बटाटे त्यांनी धोतराच्या ओच्यात घेतले आणि चपला न घालता चालू लागले. मी चपला घेऊन मागे.

आदल्या दिवशीच लावलेलं चौथं कुंड तेव्हा वितळून तयार होत आलं होतं. मामांनी साहेबाची ती काळी सळई काढली, टोकाला बटाटा टोचला, आणि काचेच्या तळापर्यंत खुपसली. कुंड खवळलं. बटाट्यातल्या पाण्याची वाफ होऊन वाटीएवढे बुडबुडे भसाभस वर यायला लागले. कारागीर "भागो!" करत बाहेर. मी दारापर्यंत पळालो, आणि वळून पाहिलं तर मामा तिथेच, घामाने निथळत, दुसरा बटाटा टोचत. वर येणारे मोठे बुडबुडे बारक्यांना बरोबर ओढून घेऊन जात होते आणि फुटत होते. शेडभर तोच वास. करपलेल्या बटाट्याचा.

"नऊ वर्षं!" मामा सळई ढवळत ओरडत होते. "नऊ वर्षं चिठ्ठी मीच लिहिली रे, मीच लिहिली!"

कुंड निवळायला रात्र दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादाने फुंकलेली बाटली मामांनी उन्हात धरली. तिच्यातून पलीकडचं लिंबाचं झाड पानन्पान दिसत होतं.  उस्तादाने मामांच्या पायांना हात लावायला वाकल्यासारखं केलं. मामांनी त्याला पूर्ण वाकू दिलं.

नमुना पास झाला. ऑर्डर आली, दुसरी आली, लढाई वाढली तशी मागणी वाढत गेली. "भट्टी मास्तर पु. सबनीस" अशी पाटी लागली. मागणीच्या चिठ्ठीत बटाटे परत आले. आणि शेडचं दार आतून लागायला लागलं. लावणारे मामा. "लपवाछपवीचा जमाना संपला होता ना, मामा?" मी विचारलं. "तू तुझं काम कर," ते म्हणाले.

गोष्ट इथे संपली असती तर मी मामांना नुसता हुशार माणूस म्हटलं असतं.

चाळीसच्या आरंभी नियम पुन्हा फिरला. छावणीतल्या परदेशी लोकांची चौकशी झाली होती. ज्यांचं हिटलरशी काही देणंघेणं नाही असं ठरलं, त्यांना जुन्या कामावर जाता येणार होतं. अट एकच: मालकाने लिहून द्यावं की ह्या कामाचा दुसरा जाणकार आपल्याकडे नाही. लेंझ चौकशीत निर्दोष निघाला होता. त्याचं भय्यासाहेबांना पत्र आलं. भय्यासाहेबांना दुसरी भट्टी उभारायची होती, ती उभारायला साहेबच हवा होता. त्यांनी मामांना बोलावलं.

"लिही, पुंडलिक. नेहमीचं. अन् ह्या खेपेस मी वाचून सही करणार आहे."

मामांनी कागद सरळ केला. "लिहितो जी. काय लिहू? जाणकार माणूस नाही म्हणून?"

"हो."

"मग सप्टेंबरात तुमच्या सहीनं गेलेला कागद? त्यात आहे म्हटलंय. नावासकट. दोन्ही कागद कचेरीत एकाच फायलीत लागतील. इन्स्पेक्टर विचारील, ह्यातला खोटा कुठला? लढाईच्या दिवसांत शत्रूच्या माणसाबद्दल सरकारला खोटं लिहून दिलं तर काय होतं, मला माहीत नाही. तुम्हाला असेल."

भय्यासाहेबांनी लेंझचं पत्र घडी घालून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "तू माणूस आहेस का कोण आहेस रे?"

"बुलबुला बाबू, जी. छत्तीस साली तुम्हीही हसला होता."

पत्र गेलं नाही. लेंझ छावणीतच राहिला. पुढे जूनमध्ये नियम आणखी कडक झाले आणि सुटलेलेही परत आत गेले. मामा हे आवर्जून सांगतात: "आणलाच असता, तरी परत नेलाच असता." मी विचारतो, "मग त्याला ते चार महिने तरी बाहेर का दिले नाहीत?" यावर मामा तंबाखू मळायला घेतात.

मामी मात्र विचारून थांबली नाही. "त्यानं एक नाव ठेवलं, म्हणून तुम्ही माणूस कोंडून ठेवता?"

"मी नाही कोंडला. सरकारनं कोंडला. मी फक्त दार उघडलं नाही."

"किल्ली तुमच्यापाशी होती."

"नऊ वर्षं त्याच्यापाशी होती," मामा म्हणाले, आणि त्या दिवशी ते दोघे वेगवेगळ्या वेळी जेवले. मामीने इदू मियाँना गुपचूप पत्ता लिहून दिला. मोजे पोचले.

पण मामांच्या मनासारखं अजून झालं नव्हतं. स्वच्छ काच त्याच्या नाकासमोर धरायची राहिली होती. म्हणून त्या सप्टेंबरात त्यांनी स्वतः लावलेल्या कुंडातली एक लहान बाटली निवडली, कापसात गुंडाळली, खोक्यात घातली आणि छावणीच्या पत्त्यावर पाठवली. आत चिठ्ठी नाही. फक्त खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव, मोत्यासारख्या अक्षरात. छावणीतल्या तपासनिसांनी त्या रिकाम्या बाटलीत कोणतं गुपित शोधलं असेल देव जाणे.

एक्केचाळीसला दुसरी. बेचाळीसला तिसरी. शहरात मोर्चे निघत होते, खमरियाला दारूगोळ्याचा नवा कारखाना उभा राहत होता, दुसरी भट्टीही मामांनी स्वतःच उभारली होती, साहेबाशिवाय. पण सप्टेंबर आला की मामा आठ दिवस बाटल्या उन्हात धरून निवड करायचे. पंचेचाळीसपर्यंत सहा गेल्या. उत्तर एकीचंही नाही.

"जळत असेल," मामा खुषीत म्हणायचे. "बोलायला तोंड नाही उरलं."

लढाई संपली. सेहेचाळीसच्या शेवटी लेंझला बोटीने जर्मनीला पाठवायचं ठरलं. त्याच्या गावी नाही, कारण तो मुलूख परत चेक लोकांचा झाला होता आणि तिथून जर्मन बोलणारे सगळे हाकलले गेले होते. गाव अजूनही जागच्या जागीच होतं. हे आम्हाला इदू मियाँकडून कळलं, कारण साहेब त्यांना पत्र लिहायचा. मामांना नाही.

मग एक दिवस पोस्टमन लाकडी खोकं घेऊन आला. पाठवणारा: लेंझ, मुक्काम मुंबई. मामांनी स्वतः खिळे काढले. आत कापूस, आणि कापसात सहाच्या सहा बाटल्या. धुऊन पुसून, क्रमाने.

मामांनी पहिली उचलली. तिच्यावर लाल रंगाने बारीक बारीक वर्तुळं काढलेली होती. सात. मामांनी भिंग आणवलं. प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध काचेत एक बुडबुडा होता, सुईच्या टोकाएवढा. दुसऱ्या बाटलीवर पाच. तिसरीवर चार. पुढच्या दोहोंवर तीन आणि दोन. सहावीवर एकच.

खोक्याच्या तळाशी कागदाचा कपटा होता. इंग्रजीत दोनच शब्द. साहेब दर सप्टेंबरात मान हलवून म्हणायचा तेच: अजून नाही.

मामीने पदर तोंडाला लावला. ती हसते की रडते, मला समजलं नाही. मी हसलो, आणि मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की लगेच थांबलो.

"बोट केव्हा सुटते?" मामांनी विचारलं.

इदू मियाँच्या पत्रात तारीख होती. नऊ दिवस उरले होते. मामा जेवले नाहीत. त्याच पावली कारखान्यात गेले, बटाटे दुप्पट मागवले, दार आतून लावलं. पाचव्या दिवशी काच काढली. उस्तादाकडून चाळीस बाटल्या फुंकून घेतल्या आणि भिंगाखाली एकेक घातली. एकोणचाळीस फोडल्या. उरली ती कापसात गुंडाळून, खोक्याला लाख लावून, मुंबईच्या पत्त्यावर रवाना केली.

सतरा दिवसांनी खोकं परत आलं. वर शिक्का: इसम निघून गेला. लाख तशीच.

ते खोकं आता देवघराच्या शेजारच्या फळीवर आहे. लाल वर्तुळांच्या सहा बाटल्या मामांनी भट्टीत वितळवून टाकल्या. सहावीला मात्र त्यांचा हात अडखळला होता, हे मी पाहिलं. फळीवरच्या खोक्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत. पाहुणा आला की स्वतःच सांगतात, "ह्यात आहे ना, तिच्यात एकसुद्धा नाही. शोधून काढला असता तर त्याच्या बापाला सापडला नसता."

परवा मामी कंटाळून म्हणाली, "मग एकदा उघडून दाखवा ना आम्हाला. ऊन आहे, भिंग आहे."

"काहून उघडू? मला माहीत आहे ना."

"माहीत आहे तर उघडायला काय होतं?"

मामांनी तंबाखूची डबी शोधायला सुरुवात केली. ती त्यांच्या हातातच होती.